नोकरी सांभाळून वस्तीत अभ्यासवर्ग सुरू करताना

"ताई, तुम्ही काल काहून नाही आल्या?"

काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत तिसरीतल्या एका मुलीने मला हे विचारलं. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. ऑफिसातून आले, पाय पसरले आणि झोप लागली, एवढंच. आम्ही आठ मित्रमैत्रिणींनी मोठ्या हौसेने आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळचा वर्ग सुरू केला होता. पहिल्या महिन्यात आठही जण यायचे. दुसऱ्यात चार उरले. तिसऱ्यात मी एकटीच होते, तीही चिडचिडी आणि अर्धी झोपेत. एका आठवड्यात वर्ग बंद पडला आणि तो बंद झाला हे मुलांना सांगायलाही कुणी गेलं नाही. पुढे कळलं, की ती मुलगी नंतर कितीतरी दिवस दप्तर घेऊन विहाराच्या पायरीवर बसायची.

ती पायरी डोळ्यांसमोरून जात नव्हती, म्हणून दोन वर्षांनी मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी उलट्या बाजूने, म्हणजे आधी स्वतःचं वेळापत्रक, मग घर आणि शेवटी वस्ती. तो वर्ग आजही दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा भरतो. नोकरी आहे, घर आहे, तरी काहीतरी करावंसं वाटतं आणि कुठून धरावं ते कळत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आपल्या शहराला हा क्रम नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा रोजच्या वागण्याच्या प्रतिज्ञाही आहेत. इतक्या मोठ्या परिवर्तनाच्या दिवशी बाबासाहेबांनी माणसाला त्याच्या स्वतःच्या दिवसाकडेही बघायला लावलं. वर्गाला जाताना मला हे अनेकदा आठवतं.

## १. आठवड्याचा हिशेब मांडा

आठवड्याचे तास १६८. एक साधी वही घ्या आणि सात दिवस, रोज रात्री झोपण्याआधी, दिवस कुठे गेला ते लिहा. अंदाजाने लिहू नका, घडलं तेच लिहा.

माझा हिशेब असा निघाला. झोप ४९ तास. नोकरी हिंगणा एमआयडीसीत, सहा दिवस, रोज नऊ तास, म्हणजे ५४. इंदोरा चौकातून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची, लोकमान्य नगरला उतरून पुढे ऑटो. जाण्यायेण्याचे १२ तास. स्वयंपाक आणि घरकाम २८. आंघोळ, जेवणखाण १४. बेरीज १५७. उरले ११ तास, आणि त्यातच आजारपण, पाहुणे, लग्नकार्य, बँकेची कामं आणि मोबाइल.

पहिल्या वेळी मी या ११ तासांतून १५ तास द्यायला निघाले होते. वर्ग बंद पडण्याचं कारण आम्ही तेव्हा मित्रांच्या बेफिकिरीत शोधलं. ते या वहीत होतं.

माझा अनुभव सांगतो की उरलेल्या तासांपैकी चौथा हिस्साच कामाला द्यावा. मी तीन तास देते. दोन वर्गाचे, एक तयारीचा.

इथे फसायला होतं: झोपेतले तास कापून हिशेब जुळवणं. दोन महिने जमतं. नंतर तुम्ही मुलांवर ओरडायला लागता आणि आपण का ओरडतोय ते आपल्यालाच कळत नाही.

## २. आपण हे का करतोय, ते एका वाक्यात लिहा

याला वेळ लागतो, लागू द्या. माझं पहिलं वाक्य होतं, 'समाजासाठी काहीतरी करायचं आहे.' या वाक्याने रविवारी सकाळी सातला अंथरुणातून उठवत नाही.

मग मागे जाऊन बघितलं. पाचवीत मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि मी वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचे. आमच्या शेजारच्या एका ताईने उन्हाळाभर स्वतःच्या ओसरीवर बसवून मला ती शिकवली. कडधान्याचे दाणे मांडून. पैसे घेतले नाहीत, उपकारही दाखवले नाहीत. मी आज अकाउंट्समध्ये नोकरी करते ती त्या ओसरीमुळे. तेव्हा माझं वाक्य झालं, 'गणिताला घाबरून मान खाली घालणाऱ्या मुलांना मी दर रविवारी वजाबाकी ते अपूर्णांक शिकवेन.' या वाक्यात कोण, काय आणि कधी, तिन्ही आहे. तुमच्या वाक्यातही ते असू द्या.

आपल्या भागातलं बाबा आमट्यांचं उदाहरण तर समोरच आहे. वरोऱ्याला वकिली करणाऱ्या या माणसाने पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहिला आणि तो घाबरून पळाला. नंतर स्वतःच्या त्या भीतीनेच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. ते परत गेले आणि त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९४९ मध्ये आनंदवनाचं काम उभं राहिलं. यातला शिक्षणाचा टप्पा लोक विसरतात. कळकळ होती, तरी त्यांनी आधी शिकून घेतलं. मीही सुरुवात करण्याआधी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी सहा शनिवार जाऊन लहान मुलांना संख्या कशा शिकवायच्या ते शिकले. पदवी असली म्हणजे शिकवता येतं असं नाही, हे तिथे पहिल्या तासात कळलं.

## ३. घरात सांगू नका, विचारा

पहिल्या वेळी मी घरी फक्त जाहीर केलं होतं. दुसऱ्या वेळी वही सासूबाईंसमोर ठेवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "रविवारी एकच दिवस तू घरी असतेस गं." त्यांचं चुकीचं नव्हतं. आम्ही बसून ठरवलं: महिन्याचा शेवटचा रविवार पूर्ण घरचा, त्या दिवशी वर्ग माझी जोडीदारीण घेईल. इतर रविवारी सकाळचा नाश्ता नवरा बघेल. अकरानंतर मी घरी, फोन बाजूला.

आज कधी मला कंटाळा आला, तर "साडेसात झाले, जायचं नाही का?" असं सासूबाईच विचारतात. मुलांसाठी तिळाचे लाडू त्याच करून देतात.

ज्या घरात तुमच्या कामाबद्दल धुसफूस आहे, तिथून निघून वस्तीत हसऱ्या चेहऱ्याने बसणं फार दिवस जमत नाही. मुलांना चेहरे वाचता येतात.

## ४. वस्तीत चार रविवार रिकाम्या हाताने जा

वह्या, खाऊ, फळा, काही नेऊ नका. ओळखीच्या कुणासोबत जा. आमच्या वस्तीत आधी विहाराच्या समितीला भेटलो. 'जय भीम' म्हणून बसलो, चहा घेतला आणि ऐकलं. तुमच्या वस्तीत समाजमंदिर असेल, अंगणवाडी असेल. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना प्रत्येक घर माहीत असतं. त्यांना टाळून पुढे जाऊ नका.

या चार रविवारांत मला एक गोष्ट कळली, जिने माझी जुनी खंत मिटवली. आमच्या पहिल्या वर्गात मुली हळूहळू गळत होत्या. आम्हाला वाटायचं, आईवडिलांना मुलींच्या शिक्षणाची किंमत नाही. एक मावशी म्हणाल्या, "तुमचा क्लास सहाला, अन् आमचा नळ पण सहालाच येऊन राहिला ना ताई. पाणी कोण भरन?" तीन महिने आम्ही रोज त्या नळावरून गेलो होतो. हंड्यांची रांग दिसत होती, पण रांगेत उभ्या मुली आमच्याच वर्गातल्या आहेत हे पाहिलं नव्हतं. रविवार सकाळची वेळ त्या मावशींनी ठरवली आहे, मी नाही.

मुलं आधीच काय करतात, तेही बघा. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांना पावसात काही पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्यांच्यापुढे फुटबॉल ठेवला, आणि २००१ पासून नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. खेळ मुलांचाच होता, बारसे सरांनी तो ओळखला.

माझ्याकडे बादलीऐवजी भाजीचा ठेला होता. पाचवीतला एक मुलगा वडिलांसोबत संध्याकाळी ठेल्यावर उभा राहायचा. मी १३५ रुपयांची भाजी घेऊन ५०० ची नोट दिली. वडील पिशवी भरत होते, तेवढ्यात त्याने "तीनशे पासष्ट" म्हणत पैसे हातावर ठेवले. पुढच्या रविवारी तीच वजाबाकी मी कागदावर दिली. ५०० च्या खाली १३५. त्याने बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं ४३५. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत गेला होता. वर शून्य असेल तर खालचा अंक तसाच उतरवला होता. मी विचारलं, "ठेल्यावर किती दिले होते मला?" त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ४३५ वर हात ठेवून ते झाकलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात वजाबाकी खोट्या नोटा आणि नाण्यांनी सुरू होते. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, दहाची मोडून दहा नाणी. हातचा म्हणजे सुटे पैसे, हे त्याला माझ्याआधी कळलं आणि इतर मुलांना त्यानेच समजावलं.

याच काळात एक छोटी नोंद करून ठेवा: किती मुलं, कुठल्या इयत्तेत, कुणाला काय वाचता येतं, कुणाला कोणतं गणित येतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावोगावचे बालमृत्यू आधी नीट मोजले, मग गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या कामातून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपलं काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण सुरुवातीची नोंद नसेल तर वर्षाअखेर आपल्याला खरंच काही जमलं का, हे आपल्यालाच कळत नाही.

## ५. काम लहान ठेवा

बारा ते पंधरा मुलं. एक विषय. आठवड्यातून एक दिवस. वर्षभर यात काही वाढवू नका. कुणी म्हणेल इंग्रजी घ्या, कुणी संगणक, कुणी मुलींना कराटे. सगळं चांगलंच आहे. तरी नम्रपणे नाही म्हणा.

## ६. एकट्याने करू नका, आणि नियम आधी ठरवा

किमान दोन जण हवेत, शक्यतो तीन. एक आजारी पडला तरी वर्ग बंद राहू नये म्हणून, आणि मुलांच्या सुरक्षेसाठीही. आमचे नियम हे आहेत:

- कोणतंही मूल एका मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटं राहणार नाही. दार उघडं.
- मारणं नाही, 'ढ' म्हणणं नाही, जातीवरून किंवा घरावरून बोलणं नाही.
- मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर नाहीत. देणगीदाराने मागितले तरी नाहीत.
- पालकांना न विचारता मुलांना वस्तीबाहेर नेणं नाही.
- कुणा मुलावर लैंगिक अत्याचार होतो आहे असं कळलं, तर आपापसात मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला आहे.

नवा स्वयंसेवक कितीही ओळखीचा असला तरी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा. कुणी रागावलं, तर रागावू द्या.

## ७. कागदपत्रं आणि सामान

- जागा देणाऱ्या समितीचं साधं परवानगीपत्र: वार, वेळ, किल्ली कुणाकडे
- पालकांचं संमतीपत्र, मराठीत, मोठ्या अक्षरात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून
- स्वयंसेवकांच्या ओळखपत्राची प्रत आणि चारित्र्य प्रमाणपत्र
- हजेरीवही, आणि वेगळी जमाखर्चाची वही. दहा रुपयांचा खडू आणला तरी लिहायचा
- पालकांचे फोन नंबर, जवळच्या दवाखान्याचा नंबर, प्रथमोपचाराची पेटी
- पिण्याच्या पाण्याचा माठ, दोन सतरंज्या, लहान फळा, पेन्सिली, शार्पनर (ब्लेड अजिबात नको)
- खोट्या नोटा आणि नाणी, काड्यांचे गठ्ठे, चिंचोके

मुलांच्या आधार कार्डाच्या प्रती गोळा करू नका. गरज नसते आणि जपून ठेवणं जोखमीचं असतं.

एक गोष्ट माहीत असू द्या, कारण ती हमखास लागते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. आमच्या वर्गात विटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबातली दोन भावंडं शाळेबाहेर होती. एका शाळेने त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आईसोबत आम्ही कायद्याची मराठी प्रत घेऊन गेलो, आवाज चढवला नाही, आणि लेखी अर्जाची पोच मागितली. त्याच आठवड्यात प्रवेश झाला.

## ८. वर्षाचं कॅलेंडर नागपूरचं असू द्या

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखाली वर्ग भरवू नका. एप्रिलमध्ये सकाळी सातला आणा, मेमध्ये सुटी द्या. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तीच आपली सुरुवातीची वेळ. या लेखातली पहिली तीन पावलं उन्हाळ्यात उरकून घ्या.

तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवण्यात गुंग असतात, त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक. वर्ग ठेवलात तर रिकामी सतरंजी दिसेल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास विहाराची माणसं बाहेरगावाहून आलेल्यांच्या सोयीत असतात. आम्हीही त्या दिवशी पाणी वाटायला उभं राहतो. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी वर्गाच्या भिंतीवर बॅनर लावू द्या म्हणून येईल. समितीसोबत आधीच ठरवून ठेवा आणि सगळ्यांना एकच उत्तर द्या.

सुटी असेल तर आधीच्या रविवारी मुलांना तोंडाने सांगा आणि फळ्यावर लिहा. आमच्याकडे हा नियम सगळ्यांत कडक आहे.

## ९. थकवा आला तर

येतोच. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. मुलं शिकलेलं विसरतात, एखादी हुशार मुलगी गावी निघून जाते, कुणाच्या घरी दारूवरून मार पडतो आणि आपण काही करू शकत नाही. मला त्या काळात रात्री झोपताना मुलांचे चेहरे दिसायचे आणि छातीत जड वाटायचं.

डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि कामाच्या झपाट्यात शरीराकडे कसं दुर्लक्ष झालं, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिलं आहे. एवढा मोठा डॉक्टर माणूस. आपण तर साधी माणसं. म्हणून आमच्यात ठरलं आहे, की दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने सलग दोन रविवार सुटी घ्यायचीच. आणि महिन्यातून एकदा, वर्गानंतर तर्री पोहे खात, आम्ही तिघं एकमेकांना विचारतो: झोप नीट लागते का, घरी काय चाललंय, चिडचिड होते का? मुलांबद्दल त्या अर्ध्या तासात बोलायचं नाही.

मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा केला आहे.

## १०. संस्था नोंदवावी का?

पहिल्या वर्षी नाही. सोसायटी नोंदवायला किमान सात सदस्य लागतात, सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते, दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात. हे सगळं करता येतं, मी अकाउंट्सचीच आहे. पण ज्यांनी काम रुजण्याआधी नोंदणी केली, त्यांचे शनिवार-रविवार पदांच्या वादात आणि लेटरहेडवर गेलेले मी पाहिले आहेत. लोकांकडून नियमित पैसे घ्यायची वेळ आली, की तेव्हा बघा. तोवर देणगी वस्तूंच्या रूपात घ्या आणि वहीत नोंदवा.

## ११. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एक पान

बदली होईल, बाळंतपण येईल, आईवडील आजारी पडतील. पहिल्याच महिन्यात हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात करा आणि दर महिन्याला ते पान दुरुस्त करा. आमच्या पानावर सध्या आहे ते असं: किल्ली तिसऱ्या गल्लीतल्या काकांकडे, आठच्या आधी दार वाजवू नये, त्यांची रात्रपाळी असते. डावीकडच्या खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाला फळा नीट दिसत नाही, चष्म्याबद्दल आईशी बोलणं झालं आहे, पुन्हा विचारावं. दोघी बहिणींना एकाच गटात बसवू नये, मोठी धाकटीची उत्तरं देते. भाजीच्या ठेल्यावरचा मुलगा आता सातवीत आहे, नव्या मुलांना नोटांची वजाबाकी तोच शिकवतो, त्याला करू द्यावं. नळाची वेळ बदलली तर वर्गाची वेळ मावशींना विचारून बदलावी.